दुसऱ्यांदा पाहताना

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर पाच-सहा मराठी मंडळी यादी करायला बसली होती. महिन्याला एक याप्रमाणे वर्षभर मराठी चित्रपट दाखवायचे, तेही गेल्या वीसेक वर्षांतलेच, आणि पुढेही ज्यांचं नाव निघत राहील असेच. कागदावर नावं भराभर पडली. श्वास, नटरंग, देऊळ, सैराट, बाईपण भारी देवा. चहाचे कप गोळा करायला आलेली घरातली नात फाइन आर्ट्सला शिकते. तिनं यादीवरून नजर फिरवली आणि सहज विचारलं, "आजी, यातले तुम्ही दुसऱ्यांदा कुठले बघितलेत?" जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग एक काका म्हणाले, "अगं, चित्रपट एकदा बघितला की कळतो. परत कशाला बघायचा?" सगळ्यांनी माना डोलावल्या, यादी पुरी झाली, मंडळी जिना उतरली. त्या काकांचं वाक्य मात्र मनातून जात नाही, कारण ते आपल्यापैकी बहुतेकांचं आहे, आणि कुठला चित्रपट राहील या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथेच अडतं.

एकदा बघून कळते ती गोष्ट. कोण मेलं, कोण सुटलं, कुणाचं लग्न झालं. गोष्टीच्याच जोरावर उभा असलेला चित्रपट पहिल्या खेळाला आपल्याला खुर्चीत खिळवून ठेवतो आणि त्याच खेळात सगळा खर्च होतो. यात कमीपणा काही नाही. परेश मोकाशींचा 'वाळवी' (2023) घ्या. पहिल्यांदा पाहताना पुढे काय होणार या उत्सुकतेनं जीव टांगणीला लागतो. दुसऱ्यांदा पाहताना लेखकानं आधीच पेरून ठेवलेल्या खुणा सापडतात आणि त्या बांधणीचं कौतुक वाटतं. तिसऱ्यांदा शोधण्यासारखं फारसं उरत नाही. तो चोख चित्रपट आहे, पण पंचवीस वर्षांनी लोक पुन्हा त्याच्याकडे वळतील असं मला वाटत नाही. 'बाईपण भारी देवा'ची (2023) गोष्ट आणखी वेगळी. नऊवारी नेसून घोळक्यानं चित्रपटगृहात गेलेल्या बायका, मध्यंतरात रंगलेल्या गप्पा, मंगळागौरीच्या खेळांना पडद्यासमोरून मिळालेली दाद, हे सगळं खरं होतं आणि मोलाचं होतं. त्यातलं बरंचसं मात्र प्रेक्षागृहात घडलं, पडद्यावर कमी. ती गर्दी पुन्हा जमत नाही तोवर तो चित्रपट घरच्या टीव्हीवर अर्धाच उरतो.

'सैराट'बद्दल (2016) मन असं एका बाजूला होत नाही. शंभर कोटींचा आकडा सगळ्यांना पाठ आहे आणि झिंगाट अजूनही प्रत्येक वरातीत वाजतं, बडोद्याच्या गुजराती वरातीतसुद्धा. त्या गाण्यानं चित्रपटाला घरोघरी नेलं आणि त्याच गाण्यानं तो पातळही केला, कारण नाचणाऱ्या कित्येकांना ते कुठल्या रात्रीचं गाणं आहे याची आठवण नसते. पुन्हा बघायला बसा, मग ध्यानात येतं की चारही गाणी पूर्वार्धातच संपलेली आहेत. दिग्दर्शक नागराज मंजुळ्यांनी अजय-अतुलचा तो सगळा वाद्यवृंद आधीच वाजवून घेतला आणि हैदराबादच्या वस्तीत पोहोचल्यावर पोरांच्या हाती एकही गाणं ठेवलं नाही. तिथे पत्र्याची खोली आहे, पाण्याचे हाल आहेत, बाटल्या भरण्याच्या कारखान्यातली नोकरी आहे, अडखळत शिकलेली तेलुगू आहे. पहिल्यांदा पाहताना हा भाग कित्येकांना लांबला असं वाटतं. शेवट माहीत झाल्यावर तोच भाग सगळ्यांत जवळचा वाटतो: आर्चीची चिडचिड, परश्याचा संशय, मग पुन्हा जुळवून घेणं, आणि एकेक भांडं करत मांडलेला संसार. आर्चीच्या भावाच्या, प्रिन्सच्या, वाढदिवसाच्या गर्दीकडेही आपण निराळ्या नजरेनं पाहतो. नाचणाऱ्यांत आता नातेवाईक दिसू लागतात. आणि शेवटी आवाज काढून घेतलाय, तो दुसऱ्यांदाही तितकाच अंगावर येतो, कारण त्याची तयारी तासाभरापूर्वी गाणी थांबली तिथपासून चाललेली असते.

त्यामुळे तो यादीत आहे हे योग्यच. गाजला म्हणून त्याला तिथे ठेवला, एवढंच पटत नाही.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (2014) यादीत नव्हता, याचं मला जास्त वाईट वाटतं, आणि बडोद्यात तर विशेषच. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला दोन सन्मान मिळाले, राष्ट्रीय पुरस्कारांत तो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, हे ठीक. मुद्दा असा की मराठी आणि गुजराती दोन्ही घरं आतून माहीत असलेला प्रेक्षक या चित्रपटाला जेवढा इथे मिळेल तेवढा फार थोड्या शहरांत मिळेल. बचावाचा वकील विनय व्होरा गुजराती, सरकारी वकील बाई मराठी. व्होराच्या घरी जेवणाच्या टेबलावर आईवडील लग्नाचा विषय काढतात, मुलगा आवाज चढवतो, आणि बडोद्याचा प्रेक्षक खालच्या इंग्रजी ओळींकडे न पाहता हसतो. न्यायालयात कामकाज मराठीत चालतं तेव्हा हाच वकील अडतो आणि हिंदी किंवा इंग्रजीत बोलावं अशी विनंती करतो, तेव्हाही ते अडणं कसं असतं हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मग कॅमेरा सरकारी वकील बाईंच्या मागे जातो. मुलाला घेऊन घरी येणं, स्वयंपाक, सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून पाहिलेलं परप्रांतीयांवरचं मराठी नाटक आणि त्या नाटकाला आलेला हशा. ही बाई वाईट नाही. ती आपल्या ओळखीची आहे. दुसऱ्यांदा पाहताना याच गोष्टीचा त्रास होतो.

याच चित्रपटात मॅनहोलमध्ये मरण पावलेल्या सफाई कामगाराच्या बायकोची साक्ष आहे. ती एकसुरी आवाजात उत्तरं देते. नवऱ्याचा एक डोळा गॅसनं गेला होता. वास सहन व्हावा म्हणून तो पिऊन आत उतरायचा. आणि उतरण्याआधी झुरळांवरून अंदाज घ्यायचा: झुरळ जिवंत दिसलं म्हणजे आत हवा आहे. चित्रपटात हे सांगताना संगीत नाही, चेहऱ्याचं मोठं दृश्य नाही, कुणी सुस्कारा टाकत नाही. कॅमेरा तिवईवर जागचा हलत नाही आणि न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगत राहतात. पहिल्या वेळी आपलं लक्ष खटल्याच्या निकालाकडे असतं, म्हणून ही साक्ष पुराव्यासारखी ऐकली जाते. दुसऱ्या वेळी निकालाची ओढ उरत नाही आणि मग ती बाई दिसते. एखादा चित्रपट किती काळ राहील हे मी अशा जागांवरून ओळखतो. मुख्य पात्राकडे मुद्दाम पाहायचं नाही, दृश्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे पाहायचं. तो नुसता उभा केलेला असेल तर चित्रपट लवकर जुना होतो. त्याला त्याचं स्वतःचं काम, थकवा, घाई असेल तर तो चित्रपट प्रत्येक खेळाला थोडा नवा वाटतो. 'कोर्ट'मध्ये पुढच्या खटल्यांची वाट पाहत मागच्या बाकांवर बसलेली माणसंसुद्धा अशी आहेत.

मंजुळ्यांच्याच 'फँड्री'चं (2013) सगळ्यांना आठवतं ते जब्यानं आपल्या दिशेनं भिरकावलेला दगड. ते आठवणं साहजिक आहे, पण त्या चित्रपटाचं वजन त्याआधीच्या डुकराच्या पाठलागात आहे. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुक्कर अगदी हाताशी आलेलं असताना सगळं कुटुंब ताठ उभं राहतं. पुढे मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, आंबेडकर यांची चित्रं सरकत जातात. हे दृश्य कुणी समजावून सांगत नाही. पाहणाऱ्यानं स्वतः भिंत वाचायची आहे. किशोर कदमांचा कचरू, म्हणजे जब्याचा बाप, सगळा वेळ वाकून चालतो आणि एकदाच, मुलावर, त्याचा सगळा राग निघतो. मराठीत जात या विषयावर बोलणारे चित्रपट आधीही होते. इतक्या थोड्या शब्दांत बोलणारे कमी होते, आणि थोडं बोलणारा चित्रपट जुना व्हायला जास्त वेळ घेतो. संवाद काळाबरोबर उतरतात. भिंत, डुक्कर आणि उभी राहिलेली माणसं तशी उतरत नाहीत.

डोळे मिटून चित्रपट ऐकणं हीसुद्धा एक चांगली परीक्षा आहे. मधलीच दहा मिनिटं घ्यावीत. फक्त संवाद आणि त्याखाली सतत वाहणारं पार्श्वसंगीत ऐकू आलं, तर संगीत बहुधा दृश्यातली उणीव झाकतंय. पंख्याची घरघर, लांबची गाडी, भांड्यांचा आवाज, बोलण्यामधली थांबणी ऐकू आली, तर तिथे जागा तयार झालेली आहे आणि तिच्यात पुन्हा जाता येतं. ताम्हाणेंचाच 'द डिसायपल' (2020) या परीक्षेला पुरेपूर उतरतो. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरुळकर मध्यरात्री मोकळ्या रस्त्यावरून गाडी चालवतोय आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचं बोलणं, खाली तानपुरा. माईंचा तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे आणि त्या 2021 मध्ये गेल्या, हे माहीत असल्यानंतर ती दृश्यं ऐकणं आणखी अवघड होतं. हा चित्रपट मराठीत फारसा चालला नाही. बडोद्यात मात्र त्यावर वाद घालणारी माणसं आहेत, कारण इथे मौलाबक्षांनी 1886 मध्ये सुरू केलेल्या संगीतशाळेची परंपरा आहे आणि गायक फैयाज खाँसाहेबांचं नाव अजून घरातल्या माणसासारखं घेतलं जातं. शरद बेसूर नाही, मेहनतीत कमी नाही, तरी तो पोहोचत नाही. गाणं शिकलेल्या माणसाला हे पडद्यावर पाहणं सोसत नाही, म्हणून काहींनी तो अर्ध्यावर सोडला. पण तेच लोक दोन वर्षांनी पुन्हा त्याच्याबद्दल बोलताना आढळतात. माझ्या मते तो वाढणारा चित्रपट आहे.

इथे प्रतीचा प्रश्न येतो, आणि तो रसिकतेइतकाच महत्त्वाचा आहे. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या टीव्ही प्रक्षेपणासाठी तो सेकंदाला 25 चौकटींवर आणण्याची रीत होती, आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सगळाच थोडा वेगानं चालवणं. दोन तासांचा चित्रपट त्यात जवळजवळ पाच मिनिटं लवकर संपतो. हाणामारीच्या चित्रपटात हे कुणाच्या लक्षात येत नाही. गाण्याच्या चित्रपटात येतं, कारण आवाजाची पट्टी दुरुस्त करून घेतली नसेल तर षड्जच, म्हणजे मूळ सा, वर सरकतो, पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या दोन तृतीयांशाहून थोडा अधिक. तानपुऱ्याचा गाभाच बदलतो आणि गायकाचा गळा बारीक होतो. त्याच गोंधळामुळे वेगळी जोडलेली उपशीर्षकं सुरुवातीला बरोबर दिसतात आणि तासाभरात दोन-अडीच मिनिटं मागेपुढे होतात. पुष्कळदा लोक म्हणतात "चित्रपट काही पकडत नाही बुवा", तेव्हा त्यांनी पाहिलेली प्रत चुकीची असते.

अविनाश अरुणचा 'किल्ला' (2014) हे दुसरं उदाहरण. दिग्दर्शक स्वतः छायाचित्रकार, आणि सगळा चित्रपट कोकणातल्या पावसाच्या उजेडात. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळानं त्याला क्रिस्टल बेअर दिलं होतं. सायकली दामटत पोरं किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो, आणि चिन्मय आत एकटाच राहतो. त्या दृश्यात काळ्या दगडाच्या, ओल्या शेवाळ्याच्या आणि ढगाच्या छटा एकमेकींना अगदी लागून आहेत. फार दाबलेल्या फाइलमध्ये गडद भागांतला तपशील आधी कापला जातो, कारण डोळ्याला तो कमी दिसतो असं गृहीत धरलेलं असतं. मग किल्ल्याच्या भिंतीऐवजी काळे चौकोन हलताना दिसतात, पावसाच्या रेषा पुसट होऊन त्यांचं धुकं होतं, आणि मुलाची भीती नेमकी कशाची होती हेच हरवतं. वडील गेलेल्या मुलाचा एकटेपणा त्या चित्रपटात कुणी संवादातून सांगत नाही. तो सगळा उजेडात आहे.

प्रती हरवण्याचा आपला इतिहास मोठा आहे, आणि त्याचं एक टोक बडोद्यातच आहे. दादासाहेब फाळके 1890 च्या सुमारास इथल्या कलाभवनात शिकले, चित्रकला आणि छायाचित्रणाचं काम त्यांनी इथे हाताखालून घातलं. त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या (1913) चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं आज पाहायला मिळतं, आणि तीही त्यांनी नंतर पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. 'आलम आरा'ची (1931) तर एकही प्रत उरलेली नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती जळताना स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, त्यामुळे पाणी मारूनही विझत नाही. पुण्यात 2003 च्या जानेवारीत अशा रिळांच्या कोठाराला लागलेल्या आगीत पुष्कळ जुना ठेवा गेला. नंतरची ॲसिटेट फिल्म सहजासहजी पेट घेत नाही, पण दमट उकाड्यात कुजते. डबा उघडला की व्हिनेगरचा आंबट वास नाकात जातो, फिल्म आक्रसलेली आणि कडेनं लाटा आलेली असते, आणि एका डब्यातला हा रोग शेजारच्या डब्यांना लागतो.

डिजिटलमुळे ही काळजी संपली, असा समज आहे. तो धोक्याचा आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतले बहुतेक सगळे मराठी चित्रपट चित्रपटगृहात डीसीपी म्हणून गेले. म्हणजे एका हार्ड डिस्कवर चित्राच्या फाइली, आवाजाच्या फाइली, उपशीर्षकं आणि त्यांचा क्रम सांगणारी यादी. 2के दर्जाच्या (सुमारे दोन हजार ठिपके रुंद चित्राच्या) दोन तासांच्या चित्रपटाला साधारण शंभर ते दोनशे जीबी लागतात. ही प्रत कुलूपबंद असते. केडीएम नावाची किल्ली ठरावीक चित्रपटगृहाच्या ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारखांपुरतीच चालते. मूळ किल्ल्या तयार करणारी प्रयोगशाळा बंद पडली आणि कुलूप नसलेली प्रत कुणी बाजूला ठेवलेली नसेल, तर ती डिस्क शाबूत असूनही चित्रपट उघडत नाही. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेली हार्ड डिस्क फिरायलाच नकार देते, तेही अगदी नेहमीचं. मोठे निर्माते एलटीओ नावाच्या चुंबकीय टेपवर साठवतात, तीही कायमची सोय नाही. एलटीओच्या आठव्या पिढीचं यंत्र सातव्या पिढीची टेप वाचतं, सहाव्या पिढीची वाचत नाही, म्हणून दर काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवावं लागतं. एखाद-दुसरा चित्रपट करून थांबलेल्या निर्मात्याकडे यासाठी ना पैसा असतो ना माणूस. त्यानं निदान एवढं तरी करावं: कुलूप नसलेली डीसीपी, संगीत आणि संवाद वेगवेगळे असलेले ध्वनिपट आणि उपशीर्षकांची मूळ फाइल, या तिन्हींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. वर्षातून एकदा त्या उघडून शेवटपर्यंत चालवून पाहाव्यात. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून हे काम करतंय. पी. के. नायर यांनी तिथे एकेक रीळ ज्या चिकाटीनं मिळवलं, तशी माणसं आता डिजिटल फाइलींसाठी लागणार आहेत.

छोट्या सभागृहात खेळ लावणाऱ्यांच्या हातातही बरंच असतं. निर्मात्याची परवानगी आणि त्याच्याकडूनच आलेली फाइल, ही पहिली गोष्ट. मग आवाज. आजचा चित्रपट 5.1 मध्ये, म्हणजे सहा वाहिन्यांत, मिश्रित असतो आणि त्यात संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत ठेवलेले असतात. आपल्या सभागृहात डावा आणि उजवा असे दोनच कर्णे. प्लेअरला सहा वाहिन्यांचं दोनांत रूपांतर करायला सांगितलं नाही, तर संगीत दणदणीत येतं आणि माणसं ओठ हलवत राहतात. मग कुणीतरी आवाज वाढवतं, कर्णे फाटतात, आणि दोष मराठी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला दिला जातो. उजेडाचंही तसंच. दहा फूट रुंद पडदा असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण छप्पन्न चौरस फूट. चित्रपटगृहाच्या मानकाइतका उजेड त्यावर पाडायला पूर्ण अंधारात आठशे ल्युमेनही (ल्युमेन हे उजेडाचं माप) पुरतात. दिवा जुना होतो, रंगाच्या सेटिंगमध्ये उजेड घटतो, म्हणून दोन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर घ्यावा. प्रत्यक्षात चार-पाच हजार ल्युमेनचा आणला जातो आणि दाराजवळची ट्यूबलाइट चालू ठेवली जाते, कारण कुणाला तरी बाहेर जायचं असतं. काळा रंग मग राखाडी होतो आणि 'किल्ला' तिथेच संपतो. दारावर जाड पडदा लावावा, खिडक्यांच्या फटींना काळा कागद चिकटवावा, आदल्या संध्याकाळी सगळा चित्रपट नाही तरी सर्वांत अंधारं दृश्य आणि सर्वांत हळू आवाजातलं संभाषण चालवून पाहावं. टीव्हीवर दाखवणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करून सिनेमा मोड लावावा. आणि माझं ऐकाल तर बाराऐवजी सहाच चित्रपट घ्यावेत, प्रत्येक चार-पाच महिन्यांच्या अंतरानं दोनदा दाखवावा. दुसऱ्या वेळी गर्दी कमी होईल, पण चर्चा तेव्हाच रंगेल.

लोक परत येत नाहीत, हेही सर्वस्वी खरं नाही. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हिंदीत आहे, पण त्याचा पाऊस, वाडा आणि हाव सगळी आपल्याकडचीच. 2018 च्या ऑक्टोबरात तो आला तेव्हा मोजक्या लोकांनी पाहिला. 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. घरी छोट्या पडद्यावर पाहिलेल्यांना तो मोठ्या पडद्यावर हवा होता, आणि दाखवण्याजोगी चांगली प्रत शिल्लक होती, म्हणून ते जमलं. प्रेक्षक स्वतःहून दुसऱ्यांदा गेला, याहून मोठी पावती मला माहीत नाही.

अगदी ताज्या चित्रपटांबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं, तरी दोन नावं घेतोच. जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' विदर्भातल्या एका गावात मुलगी बघण्याच्या कार्यक्रमावर आहे, आणि तो कार्यक्रम पुन्हा पुन्हा होतो. तेच पोहे, तेच प्रश्न, त्याच पद्धतीनं खाली घातलेली मान. सविताची भूमिका करणाऱ्या मुलीचा चेहरा प्रत्येक फेरीला किंचित अधिक बंद होत जातो. पहिल्यांदा पाहताना पुनरावृत्तीचं हसू येतं आणि मग ते ओसरतं. बडोद्याच्या मराठी कानाला तिथली बोली गुजरातीपेक्षाही लांबची वाटते, काही वाक्यं निसटतात, पण ते पोहे घेऊन येणं इथल्या दिवाणखान्यांतही जसंच्या तसं घडतं, म्हणून कुणाचं काही अडत नाही. दुसरा रोहन परशुराम कानवडेंचा 'साबर बोंडं'. 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथाचित्रपटांच्या विभागातलं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस गावी काढायला आलेला आनंद, लहानपणीचा मित्र बाळ्या, आणि मुलाबद्दल सगळं ठाऊक असलेली आई. नातेवाईक लग्नाचा विषय काढतात तेव्हा ही आई ज्या सहजतेनं तो वळवते, त्यात तिचं किती वर्षांचं सांभाळणं आहे हे पहिल्या वेळी नीटसं कळत नाही, कारण तेव्हा नजर त्या दोघा तरुणांवर असते. दुसऱ्या वेळी आईकडे पाहावं. तो सगळा चित्रपट तिच्या बाजूनेही उभा आहे. वीस वर्षांनी मराठी माणूस या काळातला एक चित्रपट शोधायला निघाला, तर त्यानं 'कोर्ट'नंतर इथे यावं असं मला मनापासून वाटतं. माझं हे म्हणणं खरं ठरायचं तर तो आत्ता, महाराष्ट्राबाहेरच्या गावांतसुद्धा, अंधाऱ्या खोलीत आणि नीट ऐकू येईल अशा आवाजात पुन्हा पुन्हा लागायला हवा.